पोटातला रिकामा चौथा भाग

पंधराव्या शतकातील स्वात्मारामांची ‘हठप्रदीपिका’ ही हठयोगावरची पोथी आसनांसाठी ओळखली जाते. पण तिच्या पहिल्याच उपदेशात, म्हणजे प्रकरणात, आसनांच्या पाठोपाठ आहाराचे नियम येतात आणि त्यात पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवून खाणे म्हणजे मिताहार, अशी व्याख्या केलेली आढळते. ‘घेरंडसंहिता’ हा हठयोगावरचाच दुसरा ग्रंथ हाच हिशेब अधिक नेमका मांडतो: अर्धे पोट अन्नाने, तिसरा पाव भाग पाण्याने भरावा आणि चौथा वायूच्या संचारासाठी सोडावा. या ग्रंथांनी सांगितलेला आहार आजच्या शाकाहाराशी तंतोतंत जुळत नाही, हेही येथेच सांगितलेले बरे. हठप्रदीपिका मांस-मासे वर्ज्य करते, तशीच दही, ताक, तीळ, लसूण आणि पुन्हा गरम केलेले अन्नही वर्ज्य करते. मात्र स्वयंपाक आणि योगाभ्यास यांची गाठ पोटातच पडते, हे त्यांनी अचूक हेरले होते.

रिकाम्या जठरात शंभर मिलिलिटरसुद्धा मावत नाही. अन्न येऊ लागताच त्याच्या भिंती सैलावतात आणि ते एक ते दीड लिटरपर्यंत फुगते. मग ते अन्न घुसळून, बारीक करून, थोडे थोडे लहान आतड्याकडे सोडते. घन पदार्थांच्या जेवणातील निम्मा भाग पुढे सरकायला साधारण दोन तास लागतात आणि जवळजवळ सर्व जायला चार; जेवण तेलकट-तुपकट असेल तर त्याहूनही अधिक. आसनांपूर्वी तीन-चार तास जेवू नये, या जुन्या शिरस्त्यामागे हेच गणित आहे. भरल्या पोटी पश्चिमोत्तानासन, म्हणजे पाय पसरून पुढे वाकण्याचे आसन, करून पाहणाऱ्याला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही: मांड्यांवर पोट दाबले जाते, जठरातील दाब वाढतो, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप तो पेलू शकत नाही आणि आंबट घास घशाशी येतो. खांद्यांवर शरीर उलटे तोलण्याच्या सर्वांगासनात तर झडपेच्या मदतीला गुरुत्वाकर्षणही उरत नाही, म्हणून ज्यांना आम्ल वर येण्याचा कायमचा त्रास आहे त्यांनी रिकाम्या पोटीही अशी उलटी आसने टाळावीत. उलट, जेवणानंतर वज्रासनात बसण्याचा जो फायदा सांगतात, त्यातील बराचसा वाटा धड ताठ राहण्याचा असावा, आणि तो साध्या खुर्चीतही मिळतो, असे माझे मत आहे.

पोटातील दाबाचा विषय प्रयोगशाळेत नेण्याचे काम स्वामी कुवलयानंदांनी केले. १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या या संशोधकाने उड्डियान (श्वास सोडून पोट आत खेचणे) आणि नौली (त्याच स्थितीत पोटाचे स्नायू पुढे काढून फिरवणे) करताना शरीरात काय घडते, हे क्ष-किरण आणि दाबमापक यांच्या साहाय्याने तपासले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असे त्यांना आढळले आणि त्या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासजींचे नाव दिले. यामागील यांत्रिकी सोपी आहे. श्वास पूर्ण सोडून, कंठ बंद ठेवून छातीचा पिंजरा फुलवला की हवा आत येऊ शकत नाही, त्यामुळे श्वासपटल वर खेचले जाते, त्याच्याबरोबर पोट आत जाते आणि पोकळी मोठी झाल्याने तिच्यातील दाब उतरतो. जठर भरलेले असेल तर पोट आत जायला जागाच उरत नाही.

शाकाहारी ताटातील प्रथिनांचा मोठा आधार म्हणजे कडधान्ये. सुक्या कडधान्यांत वजनाच्या २० ते २५ टक्के प्रथिने असतात, आणि तृणधान्यांत कमी पडणारे लायसिन हे अमिनो आम्ल त्यांत भरपूर असते. डाळ आणि धान्य एकाच घासात असायला हवेत असे नाही. दिवसभरात दोन्ही पोटात गेली की पुरे. अडचण प्रथिनांची नसून त्यांच्याबरोबर येणाऱ्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करांची आहे. त्या तोडणारे विकर (एन्झाइम) माणसाच्या आतड्यात नसते, त्यामुळे त्या न पचता मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तेथील जिवाणू त्यांच्यावर ताव मारून वायू तयार करतात. हरभरे रात्री भिजत घातले तर सकाळी सुरकुतलेली टरफले ताणून गुळगुळीत झालेली दिसतात, वजन जवळपास दुप्पट झालेले असते, पाणी पिवळट होते आणि भांडे हलवले की त्यावर फेस धरतो. या पाण्यात त्या शर्करांचा काही भाग उतरलेला असतो, म्हणून ते ओतून देऊन ताज्या पाण्यात शिजवावे. मोड आणले तर आणखी चांगले, कारण उगवणारे बी त्याच शर्करा स्वतःसाठी वापरून टाकते.

वायूवरचा योगातील उपाय पवनमुक्तासन म्हणून प्रसिद्ध आहे: पाठीवर निजून गुडघे पोटाशी दाबायचे. मजा अशी की आतड्यातील वायू पाठीवर पडून राहण्यापेक्षा उभ्या स्थितीत लवकर पुढे सरकतो, असे मोजमापांतून दिसले आहे. तेव्हा या आसनाचा गुण पडून राहण्यात नव्हे, तर मांड्यांनी पोटावर आलटून पालटून येणाऱ्या दाबात शोधायला हवा; नुसत्या शतपावलीनेही वायू सुटायला मदत होते.

राजम्याच्या बाबतीत भिजवणे पुरेसे नाही. त्यातील लेक्टिन जातीचे प्रथिन कच्चे राहिले तर मूठभरही नाही, चार-पाच दाण्यांनीसुद्धा काही तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. भिजवलेला राजमा ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटे, आणि खात्री हवी असेल तर अर्धा तास, खळखळून उकळावा लागतो. मंद आचेवर, उकळी न आणता तासन्‌तास ठेवलेल्या भांड्यात हा विषारीपणा जाण्याऐवजी वाढू शकतो. प्रेशर कुकरमधील तापमान १०० अंश सेल्सियसच्या वर जाते, त्यामुळे तेथे ही भीती राहत नाही.

मोड आणण्याचा दुसरा लाभ लोहाशी निगडित आहे. बियांमधील फायटिक आम्ल लोह आणि जस्त यांना धरून ठेवते. मोड येताना फायटेज हे विकर ते आम्ल तोडते, आंबवण्यानेही तेच साधते. वनस्पतींतील लोह शोषले जायला मुळातच कठीण असते, पण त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर त्याचे शोषण बरेच सुधारते. ‘त्याच जेवणात’ हे महत्त्वाचे, कारण ही क्रिया अन्न जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला असतानाच घडते. हे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते, म्हणून लिंबू भांडे उतरवल्यावर पिळावे. जेवणाला लागूनच घेतलेला चहा मात्र याच्या उलट काम करतो.

ब-१२ जीवनसत्त्वाबाबत भिजवणे, मोड आणणे, लिंबू पिळणे यांपैकी काहीच उपयोगी पडत नाही, कारण ते वनस्पती तयारच करत नाहीत. दूध घेणाऱ्यांना ते काही प्रमाणात मिळते. दूधही न घेणाऱ्यांना ते मिसळलेले अन्न किंवा गोळी यांशिवाय पर्याय नाही. यकृतातील साठा अनेकदा काही वर्षे पुरतो, त्यामुळे कमतरता उशिरा आणि गुपचूप येते, आणि तिचे एक लक्षण म्हणजे पायांना येणाऱ्या मुंग्या. नियमित अभ्यास करणारा माणूस त्याचा दोष सहज पद्मासनाला देतो. पद्मासनात नस दबून आलेल्या मुंग्या पाय सोडल्यावर काही मिनिटांत जातात. मुंग्या रात्री अंथरुणावर पडल्यावरही जाणवत असतील, दोन्ही तळपायांना सारख्याच येत असतील, तर आसन बदलण्याऐवजी रक्तातील ब-१२ तपासून घ्यावे.