संगणकाचे अंतर्गत भाग

संगणकाचे अंतर्गत भाग : संगणकाच्या पेटीतील इलेक्ट्रॉनिक व विद्युत घटक. मदरबोर्ड (सर्व भाग जोडणारी मुख्य पाटी), प्रोसेसर (गणन करणारा भाग), रॅम (काम चालू असतानाची तात्पुरती स्मृती), साठवणीची डिस्क आणि एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा भाग) हे त्यांतील प्रमुख होत. सोलापुरात हा विषय समजावताना चादरीच्या मागावरील जॅकार्डचा, म्हणजे छिद्रित कार्डांनुसार नक्षी विणवणाऱ्या यंत्रणेचा, दाखला सहज सुचतो. तो उपयुक्त आहे. मात्र अनेकदा वाजवीपेक्षा ताणला जातो.

पूर्वपीठिका : छिद्रांच्या साहाय्याने विणकाम नियंत्रित करण्याचे श्रेय सामान्यतः झोझेफ मारी जॅकार्ड याला (सु. १८०४) दिले जाते. तथापि फ्रान्समधील ल्यों येथे बाझिल बूशाँ याने १७२५ च्या सुमारास छिद्रित कागदाची पट्टी वापरली होती. थोड्याच वर्षांत झां-बाप्तिस्त फाल्काँ याने एकमेकांना जोडलेली कार्डे आणली आणि व्होकांसाँ याने १७४५ च्या सुमारास यंत्र अधिक स्वयंचलित केले. म्हणून जॅकार्डला शोधकापेक्षा संयोजक मानणे अधिक सयुक्तिक ठरते. कार्डात छिद्र असेल तेथे सुई आत शिरते, तिचा हूक वर उचलला जातो व ताण्याचा धागा उठतो. छिद्र नसेल तर सुई मागे ढकलली जाऊन धागा खालीच राहतो. प्रत्येक बाण्यास एक कार्ड, हा सर्वसाधारण क्रम.

चार्ल्स बॅबेज याने आपल्या वैश्लेषिक यंत्रासाठी (यांत्रिक संगणकाची कल्पना; आराखडे १८३० च्या दशकापासून) हीच कार्डे योजली, याविषयी दुमत नाही. गणन करणारा भाग व संख्या साठवणारा भाग त्यानेच स्वतंत्र कल्पिले. हर्मन हॉलरिथविषयी मात्र मतभेद आहेत. १८९० च्या अमेरिकी जनगणनेतील त्याच्या कार्डांचे मूळ काही जण जॅकार्डमध्ये शोधतात; खुद्द हॉलरिथने रेल्वे कंडक्टरच्या तिकीट पंचचा उल्लेख केला आहे. दोन्ही प्रभाव संभवतात, परंतु त्याची स्वतःची आठवण अधिक विचारार्ह वाटते.

कार्ड व स्मृती : जॅकार्डच्या कार्डमाळेला रॅमची उपमा देणे बरोबर नाही. वीज गेली तरी कार्डातील नक्षी राहते आणि माग ती केवळ वाचतो, बदलत नाही. त्या अर्थी ती रॉमला (केवळ वाचता येणारी, वीज गेली तरी टिकणारी स्मृती) जवळची. आज्ञा व माहिती एकाच बदलत्या स्मृतीत ठेवण्याची कल्पना पुढची आहे. १९४५ च्या एडव्हॅक या संगणकाच्या मसुद्यावर जॉन फॉन नॉयमन याचे एकट्याचे नाव असले, तरी त्या संगणकाचे रचनाकार एकर्ट व मॉकली यांचा वाटा नाकारता येत नाही. अशा पद्धतीने आज्ञावली प्रत्यक्ष चालवणारे पहिले यंत्र म्हणून मँचेस्टर येथील ‘बेबी’ (२१ जून १९४८) मान्यता पावले आहे.

शिक्षण : एमएस-सीआयटीत भर संगणकाच्या वापरावर आहे. पेटी उघडून शिकणे हार्डवेअरच्या अभ्यासक्रमांत, किंवा दुरुस्तीच्या दुकानात हाताखाली राहून होते.

हाताळणी : रॅम उलटी बसू नये म्हणून तिच्या कडेला खाच असते. डीडीआर ३ व डीडीआर ४ या रॅमच्या प्रकारांची खाच वेगळ्या ठिकाणी असून पिना अनुक्रमे २४० व २८८ आहेत; त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. चालू न होणाऱ्या संगणकात प्रथम रॅम काढून तिची संपर्कपट्टी खोडरबराने पुसण्याची दुकानांतील रीत पुस्तकांत क्वचित आढळते, तरी ती पुष्कळदा लागू पडते. घड्याळ मागे पडत असेल तर मदरबोर्डवरील ३ व्होल्टचा नाणेसेल संशयित.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. बाहेरची हवाच तापलेली असल्याने पंख्याला प्रोसेसरची उष्णता पुरेशी काढता येत नाही, आणि प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. यंत्रमागांच्या परिसरात कापसाचे तंतू उष्णताशोषकाच्या पात्यांत अडकले की ही अडचण वाढते. कोरड्या हवेत अंगावर स्थितिक विद्युतही सहज साठते; म्हणून सुटे भाग हाती घेण्यापूर्वी अर्थिंग केलेल्या धातूला स्पर्श करावा किंवा मनगटपट्टा वापरावा.

एसएमपीएस घरगुती २३० व्होल्टपासून १२, ५ व ३.३ व्होल्टचा एकदिश पुरवठा करतो. प्लग काढल्यानंतरही त्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ धोकादायक विद्युतभार उरत असल्याने शिकाऊ विद्यार्थ्याने तो उघडू नये, बदलावा.