१ वॅट की २.८३ व्होल्ट? जास्त सेन्सिटिव्ह स्पीकर आणि त्यांच्या ॲम्प्लिफायरची पार्श्वभूमी

१०० डेसिबलचा, म्हणजे १ वॅटला १ मीटरवर १०० डेसिबल आवाज देणारा, स्पीकर घरी आला की पहिली विचारणा होते ती वॅटची. हे स्पीकर ज्या काळात घडले त्या काळात विचारणा उलट्या बाजूने व्हायची: हाती इतकेच वॅट आहेत, तेवढ्यात सभागृह भरायचे कसे? १९२७ नंतर बोलपट थिएटरांत आले तेव्हा वॅट ही फार महाग वस्तू होती. ४५ नंबरचा ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह) एकटा जेमतेम २ वॅट देई, २ए३ साडेतीन, ३००बी साधारण ८. म्हणून जोर स्पीकरवर आला. मोठे हॉर्न, जड चुंबक, हलका कागदी कोन. घरातले स्पीकरही पुढची वीस-पंचवीस वर्षे याच घराण्यातले होते.

ही घडी दोन गोष्टींनी मोडली. १९४७ मध्ये ब्रिटनमधल्या एका मासिकात १५ वॅटच्या ॲम्प्लिफायरचा आराखडा छापून आला. त्यात २० डेसिबल फीडबॅक (आउटपुटचा काही भाग इनपुटला परत देऊन चुका कमी करणे) होता, विकृती नगण्य होती आणि तो घरी बांधता येत होता. मग १९५४ मध्ये बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगसारखे वापरणारा लहान स्पीकर बाजारात आला. खोल बास, लहान पेटी आणि जास्त कार्यक्षमता या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. त्या स्पीकरने पहिल्या दोन घेतल्या आणि तिसरी सोडली. १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या आल्या. कपाटाएवढे दोन हॉर्न एका खोलीत मावणे अवघड होते, त्यामुळे सौदा पक्का झाला.

त्यानंतर ट्रान्झिस्टरने वॅट स्वस्त केले. १९७० च्या दशकात दर वर्षी आकडे फुगत गेले. जाहिरातींतल्या अवास्तव वॅटना आळा घालायला अमेरिकेत १९७४ मध्ये नियम झाला: सर्व चॅनेल एकाच वेळी चालवून, ठरावीक लोडवर (म्हणजे जोडलेल्या रोधावर), विकृतीची मर्यादा सांगून सलग मिळणारी पॉवर लिहायची. मोजण्याआधी एक तास एक तृतीयांश पॉवरवर तापवायचे. नियम चांगलाच होता. पण त्याने ॲम्प्लिफायरची ओळख कमाल वॅटच्या आकड्याशी बांधली गेली. पहिल्या अर्ध्या वॅटमध्ये काय चालते, हे सांगायला त्या तक्त्यात जागाच नव्हती, आणि १०० डेसिबलच्या स्पीकरचे जवळजवळ सगळे आयुष्य त्या अर्ध्या वॅटमध्ये जाते.

आता या विषयातला सर्वांत गुंतलेला शब्द: सेन्सिटिव्हिटी. कार्यक्षमता म्हणजे आत गेलेल्या विजेपैकी ध्वनी किती झाला त्याची टक्केवारी. सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर स्पीकरसमोर ठरावीक अंतरावर भरणारा ध्वनिदाब. ध्वनी समोरच्या अर्ध्या गोलात सारखा पसरवणाऱ्या स्पीकरची कार्यक्षमता १ टक्का असेल तर १ वॅटला १ मीटरवर सुमारे ९२ डेसिबल मिळतात. ८७ डेसिबलचा स्पीकर ०.३ टक्क्यांवर असतो. हॉर्न मात्र ध्वनी झोतासारखा पुढे ढकलतो, त्यामुळे समोर ठेवलेल्या मायक्रोफोनला तो त्याच्या कार्यक्षमतेपेक्षा जास्त मोठा वाटतो. समोर १०५ डेसिबल भरले म्हणजे खोलीत त्या प्रमाणात ऊर्जा उतरली असे नाही.

त्यात अंतराचा घोळ. जुन्या व्यावसायिक हॉर्नच्या पत्रकांवर ५० डेसिबलसारखे आकडे दिसतात आणि वाचणारा चक्रावतो. ती पद्धत १ मिलिवॅट आणि ३० फुटांची होती. मिलिवॅटवरून वॅटवर आले की ३० डेसिबल वाढतात आणि ३० फुटांवरून १ मीटरवर आले की १९, म्हणजे पत्रकातल्या आकड्यात ४९ मिळवायचे. काही उत्पादक १ वॅट, ४ फूट असे लिहीत. तिथे पावणेदोन डेसिबल मिळवायचे. खोलीत भिंतीजवळ ठेवून मोजलेला आकडा मोकळ्या जागेतल्यापेक्षा ३-४ डेसिबल चढा येऊ शकतो, आणि पत्रक ते नेहमी सांगतेच असे नाही.

खरा वाद मात्र १ वॅट सोडून २.८३ व्होल्ट धरण्याच्या निर्णयाचा आहे. ८ ओहमवर २.८३ व्होल्ट म्हणजे नेमका १ वॅट, तोवर दोन्ही एकच. पण ४ ओहमच्या स्पीकरला तेच व्होल्ट दिले की तो २ वॅट ओढतो आणि काही न करता ३ डेसिबल कमावतो. जुन्या १६ ओहमच्या स्पीकरला अर्धाच वॅट मिळतो आणि तो ३ डेसिबल गमावतो. समजा एक नवा ४ ओहमचा स्पीकर २.८३ व्होल्टला ९० डेसिबल देतो आणि १९५० च्या दशकातला १६ ओहमचा ९४. कागदावर फरक ४ डेसिबल. वॅटला वॅट लावला तर पहिला ८७ आणि दुसरा ९७, म्हणजे फरक १० डेसिबल.

ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरच्या बाजूने पाहिले तर व्होल्टची पद्धत योग्य आहे. तो ठरावीक व्होल्ट देतो. लोड निम्मा झाला की करंट दुप्पट करतो. २० व्होल्टच्या मर्यादेत वरचा पहिला स्पीकर १०७ डेसिबलपर्यंत जाईल, दुसरा १११ पर्यंत. पण आउटपुट ट्रान्स्फॉर्मरवर ४, ८ आणि १६ ओहमचे टॅप (जोडणीची वेगवेगळी टोके) असलेला व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर प्रत्येक टॅपवर सारखेच वॅट देतो. ८ वॅटच्या अशा ॲम्प्लिफायरवर पहिला ९६ ला थांबतो आणि दुसरा १०६ ला पोचतो. म्हणून कमी वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर घेताना व्होल्टचा आकडा आधी वॅटमध्ये फिरवून घ्यावा: ४ ओहम असेल तर ३ वजा, १६ ओहम असेल तर ३ अधिक. सगळा उद्योग ट्रान्झिस्टरकडे गेलेला असताना झालेल्या या बदलात जुन्या स्पीकरांवर अन्याय झाला हे स्पष्ट म्हणायला हवे. आजही अनेकजण केवळ या आकड्यामुळे उत्तम १६ ओहमचा स्पीकर नाकारतात.

वॅट किती लागतात याचा हिशेब त्यानंतर सोपा होतो. १०० डेसिबलचे दोन स्पीकर, ऐकणारा ३ मीटरवर, सामान्य खोली: अंतरामुळे ५-६ डेसिबल जातात, दोन स्पीकर मिळून ३ परत येतात. १ वॅटला ९७ च्या आसपास. संगीताच्या १०५ डेसिबलच्या उसळीला ६-७ वॅट पुरतात. ८७ डेसिबलच्या स्पीकरला त्याच उसळीसाठी वीसपट, म्हणजे सव्वाशे-दीडशे वॅट लागतील.

वॅटची चिंता मिटली की दुसऱ्याच चिंता सुरू होतात. पहिली, उरलेल्या आवाजाची, म्हणजे सिग्नल नसतानाही ॲम्प्लिफायरमधून येणाऱ्या आवाजाची. पत्रकावर ‘१०० वॅटच्या खाली १०० डेसिबल’ असे लिहिलेले असते. १०० वॅट म्हणजे ८ ओहमवर २८.३ व्होल्ट, त्याच्या खाली १०० डेसिबल म्हणजे ०.२८ मिलिव्होल्ट. हा आकडा २.८३ व्होल्टच्या फक्त ८० डेसिबल खाली आहे, म्हणून १०५ डेसिबलच्या हॉर्नमधून १ मीटरवर २५ डेसिबल सळसळ ऐकू येईल. ८७ डेसिबलच्या स्पीकरवर हीच सळसळ ७ डेसिबल, म्हणजे कुणालाच कळणार नाही. १०० डेसिबलच्या वरच्या स्पीकरसाठी उरलेला आवाज ०.१ मिलिव्होल्टच्या आसपास हवा. तपासायला इनपुट शॉर्ट करा, स्पीकर टर्मिनलवर ८ ओहमचा रेझिस्टर लावा आणि मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवा. साधा मल्टिमीटर हम (वीजपुरवठ्यातून येणारी गुणगुण) बरोबर दाखवतो, पण वरच्या पट्टीतली सळसळ कमी दाखवतो. तिच्यासाठी कान ट्वीटरजवळ न्यावा लागतो.

दुसरी चिंता गेनची, म्हणजे ॲम्प्लिफायर सिग्नल किती पट वाढवतो याची. १९८२ नंतर सीडी प्लेअर आले आणि २ व्होल्ट ही आउटपुटची पातळी रूढ झाली. २६ डेसिबल गेनचा ॲम्प्लिफायर ते २० पट करतो: ४० व्होल्ट, ८ ओहमवर २०० वॅट. १०० डेसिबलच्या स्पीकरला रोजच्या ऐकण्यात काही मिलिवॅट पुरतात, म्हणून व्हॉल्यूमचा नॉब सुरुवातीच्या टोकालाच अडकतो. पोटेन्शिओमीटरच्या त्या टोकाला डाव्या-उजव्या चॅनेलमधला फरक सर्वांत जास्त असतो, आणि गायकाचा आवाज एका बाजूला सरकतो. उपाय स्वस्त आहे. पॉवर ॲम्प्लिफायरच्या इनपुटलाच, केबल संपते तिथे, २२ किलोओहम सिरीजमध्ये आणि १० किलोओहम ग्राउंडला लावा. ॲम्प्लिफायरचा इनपुट ४७ किलोओहमचा असेल तर ११ डेसिबल कमी होतात. इनपुटवर आलेली आधीच्या टप्प्यातली सळसळही तेवढीच दबते. नवा प्रीॲम्प्लिफायर घेण्याआधी हे चार रेझिस्टर लावून पाहणे शहाणपणाचे.

तिसरी चिंता सर्वांत कमी बोलली जाते: ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स (एसी सिग्नलला होणारा रोध). फीडबॅक नसलेल्या एकट्या ट्रायोडच्या ॲम्प्लिफायरचा तो २ ते ४ ओहम असतो. स्पीकरचा इम्पीडन्स ४ ते २४ ओहमच्या दरम्यान हलत असेल तर ३ ओहमच्या ॲम्प्लिफायरवर सुरांचा समतोल ३.८ डेसिबलने बदलतो, ०.१ ओहमच्या ट्रान्झिस्टरवर ०.२ ने. ‘व्हॉल्व्हचा गोडवा’ म्हणून जे वाखाणले जाते त्यातला बराचसा भाग हाच आहे. उलटेही तितकेच खरे. व्हॉल्व्ह गृहीत धरून बांधलेल्या जुन्या वूफरांचा क्यू (अनुनाद किती तीव्र याचा आकडा) फार कमी, ०.२५ च्या आसपास, असतो. वूफरच्या कॉइलचा रोध ६ ओहम आणि ॲम्प्लिफायरचे ३ धरले तर तो दीडपट होऊन बास भरतो. त्याच स्पीकरला आधुनिक ट्रान्झिस्टर जोडला की बास सुकतो आणि दोष स्पीकरच्या वयाला दिला जातो. स्पीकरच्या वायरमध्ये सिरीजने १ ते २ ओहमचा, १० वॅटचा रेझिस्टर लावून पाहा. ८ ओहमच्या स्पीकरवर २ ओहमला सुमारे २ डेसिबल जातात, १०० डेसिबलच्या स्पीकरला ते सहज परवडतात.

ट्रायोडचे पुनरागमन आधी जपानमध्ये झाले आणि १९९० च्या दशकात पाश्चात्त्य देशांत पसरले. त्याबरोबर जुने दुखणेही परतले. ३००बीचा फिलामेंट (व्हॉल्व्ह तापवणारी तार) ५ व्होल्ट, १.२ ॲम्पिअरवर चालतो. तो एसीवर तापवला तर उरलेला हम सहज २ मिलिव्होल्ट राहतो. १०५ डेसिबलच्या हॉर्नवर तो १ मीटरला ४२ डेसिबल भरतो. हम कमी करायचा पोटेन्शिओमीटर मूळ वारंवारता दाबतो, दुप्पट वारंवारता तशीच राहते. इतक्या सेन्सिटिव्ह स्पीकरला फिलामेंट डीसीवर घ्यावाच लागतो. किंवा ३००बी सोडून ४५ किंवा २ए३ घ्यावा. त्यांचा फिलामेंट अडीच व्होल्टचा असल्याने एसीवरही हम कमी राहतो, आणि १०० डेसिबलच्या पुढे २-३ वॅट बहुतेक खोल्यांना पुरतात. ट्रान्स्फॉर्मरचा एक जुना उपाय आजही चालतो: ८ ओहमचा स्पीकर ४ ओहमच्या टॅपवर जोडला तर ट्रायोडला दिसणारा लोड दुप्पट होतो. पॉवर थोडी घटते, विकृतीही घटते आणि बास घट्ट होतो. स्पीकर न जोडता मात्र व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरला सिग्नल कधी देऊ नये; ट्रान्स्फॉर्मरच्या प्रायमरीत उसळणारे व्होल्ट इन्सुलेशन फोडतात.

२००० नंतर स्वस्त क्लास डी (स्विचिंगने चालणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या) चिप आल्या, ५ ते १० स्वच्छ वॅटच्या, आणि हॉर्नवाल्यांनी त्या उचलल्या. सुरुवातीच्या चिपमध्ये आउटपुटचा फिल्टर फीडबॅकच्या बाहेर असे, म्हणून लोडचे ओहम वाढले की ट्रेबल उंचावे. फीडबॅक फिल्टरच्या पुढून घ्यायला लागल्यावर ते थांबले. चांगल्या नव्या मॉड्यूलचा उरलेला आवाज ५० मायक्रोव्होल्टच्या खाली असतो, जो बहुतेक ट्रायोडांना जमत नाही.

स्पीकरमध्ये सुधारणा म्हणजे बहुधा क्रॉसओव्हर, म्हणजे सूर वूफर-ट्वीटरमध्ये वाटणारा फिल्टर. चाळीस-पन्नास वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलायलाच हवेत, पण त्यांचा आतला रोध मूळ आखणीचा भाग असतो. त्या जागी फिल्म कपॅसिटर आला की तो रोध जातो आणि ट्वीटर अर्धा ते एक डेसिबल उजळतो. कपॅसिटर ५ टक्क्यांच्या आत जुळवा आणि ०.३ ते ०.५ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये घालून पाहा. क्रॉसओव्हरच्या कॉइलचेही तसेच: मिलिहेन्री सारखे पण तांबे जाड घेतले तर रोध घटतो आणि फिल्टरचा क्यू बदलतो.

जिथे हॉर्नचा ड्रायव्हर ऑटोट्रान्स्फॉर्मरने (पातळी उतरवणाऱ्या, टॅप असलेल्या ट्रान्स्फॉर्मरने) खाली आणलेला असतो तिथे जास्त सांभाळावे लागते. ८ ओहमचा ड्रायव्हर ६ डेसिबलच्या टॅपवर फिल्टरला ३२ ओहमचा दिसतो. फार कर्कश वाटतो म्हणून टॅप ९ डेसिबलवर नेला की तो ६४ ओहमचा होतो. साध्या, एकाच कपॅसिटरच्या (फर्स्ट ऑर्डर) फिल्टरमध्ये ६०० हर्ट्झसाठी आधी ८.३ मायक्रोफॅरड होते, आता ४.१ हवेत. कपॅसिटर तसाच ठेवला तर क्रॉसओव्हर ३०० हर्ट्झपर्यंत उतरतो आणि ज्या सुरांसाठी ड्रायव्हर बनलेला नाही ते त्याच्या गळ्यात पडतात. ऑटोट्रान्स्फॉर्मरच्या इनपुटला समांतर १० ओहमचा रेझिस्टर लावला की फिल्टरला दिसणारा लोड साडेसात ते साडेआठ ओहमच्या आसपास स्थिर राहतो आणि टॅप मोकळेपणाने बदलता येतो. फक्त एकदा कपॅसिटर नव्या लोडप्रमाणे वाढवून, ३० ते ३५ मायक्रोफॅरडच्या आसपास, घ्यावा लागतो.