बाल कल्याण समिती आणि बाल न्याय मंडळ : कुटुंबाची भूमिका कुठे कोणती?

मुलाला उद्या समितीसमोर घेऊन या, असा निरोप आला की अनेक घरांत पहिला प्रश्न असतो, ‘पोरानं काय केलं?’ बाल कल्याण समिती आणि बाल न्याय मंडळ या दोन यंत्रणांची गल्लत झाल्यामुळे ही भीती निर्माण होते. दोन्ही बाल न्याय अधिनियम, 2015 या एकाच कायद्याखाली येतात. दोन्हींचा संबंध 18 वर्षांखालील मुलांशी असतो आणि दोन्हींसमोर मुलाला प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत हजर करावे लागते. त्यात काही जिल्ह्यांत निरीक्षणगृह (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशीच्या काळात ठेवण्याची जागा) आणि बालगृह (काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठीची संस्था) एकाच आवारात असतात व लोक त्या सगळ्यालाच ‘रिमांड होम’ म्हणतात, त्यामुळे फरक कळणे आणखी अवघड होते.

ज्याच्यावर गुन्हा केल्याचा आरोप आहे, असे मूल मंडळासमोर जाते. तिथे तीन जण असतात, एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांपैकी किमान एक महिला. समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात आणि तिच्यासमोर काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल येते. हरवलेले, टाकून दिलेले, भीक मागायला किंवा मजुरीला लावलेले, घरात मारहाण सोसणारे, किंवा जिचे लग्न ठरवले जात आहे अशी अल्पवयीन मुलगी, ही सारी मुले समितीची आहेत. मुलावरील लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्याची माहितीही पोलिसांना 24 तासांच्या आत समितीला द्यावी लागते. अशा प्रकरणात आरोपीही 18 वर्षांखालचा असेल, तर तो मंडळासमोर जातो आणि पीडित मूल समितीकडे, म्हणजे एकाच घटनेतील दोन मुले दोन वेगळ्या दारांनी आत येतात.

समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असले, तरी तिथे मुलावर खटला चालत नाही. हे मूल आज रात्री कुठे सुरक्षित राहील आणि पुढे कोणाजवळ वाढेल, हे समितीला ठरवायचे असते. त्या निर्णयाचा मुख्य आधार म्हणजे सामाजिक तपासणी अहवाल, आणि माझ्या मते कुटुंबांनी सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते याच टप्प्याकडे. समाजसेवक किंवा बाल कल्याण अधिकारी घरी येतो, मिळकत, आजारपण, व्यसन, शाळा, शेजार यांची चौकशी करतो आणि साधारण 15 दिवसांत अहवाल देतो. या वेळी नवऱ्याचे दारूचे व्यसन किंवा घरातली मारहाण लपवणारी आई मुलाला वाचवत आहे असे समजते, पण त्यामुळे समितीसमोर अपुरे चित्र जाते आणि मूल पुन्हा त्याच धोक्यात परत पाठवले जाण्याची शक्यता वाढते. उलट, मामा किंवा आजी सांभाळायला तयार आहे, हे त्याच भेटीत सांगितले तर मूल नात्यातच राहण्याची वाट मोकळी होते, कारण संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, हे कायद्याचे तत्त्वच आहे. अडचण केवळ गरिबीची असेल, तर बालसंगोपन योजनेतून दरमहा अर्थसाहाय्य मिळू शकते आणि मुलाला घरापासून तोडावे लागत नाही. ही गोष्ट घरभेटीला आलेल्या प्रत्येकाने आपणहून सांगायला हवी. ती अनेकदा सांगितली जात नाही, याची मला खंत वाटते.

मंडळासमोरही पालक केवळ प्रेक्षक नसतात. मुलाला ताब्यात घेतल्याचे त्यांना कळवावे लागते, त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही आणि मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा त्याला हक्क आहे. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) इथेही घरची पाहणी करून अहवाल देतो. मात्र या अहवालाचा उपयोग जामीन, समुपदेशन, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर पालकांच्या ताब्यात देणे किंवा विशेषगृहात (गुन्हा सिद्ध झालेल्या मुलांना ठेवण्याच्या सुधारगृहात) पाठवणे, यांपैकी कोणता आदेश योग्य हे ठरवण्यासाठी होतो. त्यामुळे मुलाची संगत कशी होती, शिक्षण केव्हा सुटले, घरी लक्ष कोण देऊ शकेल, याची खरी उत्तरे मुलाच्या हिताचीच असतात.

ही दोन दारे एकमेकांना बंद नाहीत. चोरीच्या आरोपाखाली आणलेल्या मुलाला मुळात कोणी मोठ्या माणसाने त्या कामाला जुंपले होते आणि त्याच्या घरी पाहणारे कोणी नाही, असे दिसले, तर मंडळ त्याची काळजी व संरक्षणाची बाब समितीकडे सोपवू शकते. एकच मूल एकाच वेळी दोन्ही व्याख्यांत बसू शकते, हे कायद्याने मान्य केले आहे.

समितीपर्यंत पोहोचण्यासाठी पोलीसच हवेत असे नाही. पालक, शिक्षक, अंगणवाडी सेविका, शेजारी किंवा स्वतः मूलही तिथे जाऊ शकते. 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करता येतो आणि गावपातळीवर ग्राम बाल संरक्षण समिती असते. दोन्ही ठिकाणी मुलाचे नाव व ओळख उघड करण्यास बंदी आहे. निर्णय पटला नाही, तर सर्वसाधारणपणे 30 दिवसांच्या आत बाल न्यायालयात अपील करता येते, म्हणून आदेशाची प्रत मागून घ्यावी आणि तिच्यावरची तारीख पाहून ठेवावी.