हायड्रोजन क्षेत्रातलं व्यवसाय प्रशिक्षण

हायड्रोजन तयार करणं, दाबाखाली साठवणं, नेणं-आणणं, गाडीत भरणं आणि इंधन घटात घालून त्यापासून वीज काढणं, या कामांत जी माणसं प्रत्यक्ष हात घालतात त्यांना दिलं जाणारं कौशल्याचं शिक्षण. यात फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, प्लांट ऑपरेटर, टँकर ड्रायव्हर, भरणा स्टेशनचे टेक्निशियन आणि अग्निशमन दलाचे जवान असे सगळे येतात. इंजिनीअर आणि संशोधकांच्या पदव्या यात सहसा धरत नाहीत, पण सुरक्षा हा विषय दोन्हीकडे सारखाच येतो त्यामुळे सीमारेषा तशी पुसटच आहे.

'हायड्रोजन टेक्निशियन' हा खरंच वेगळा ट्रेड आहे का, यावर एकमत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००८ च्या व्यवसाय-वर्गीकरणात असा वेगळा व्यवसाय नाही, ही माणसं केमिकल प्लांट ऑपरेटर, पाईपफिटर, वेल्डर अशा जुन्या गटांतच मोजली जातात. एक बाजू म्हणते की नवं क्षेत्र आहे तर नवा ट्रेड हवा, नवं प्रमाणपत्र हवं. दुसरी बाजू म्हणते की पंप, व्हॉल्व्ह, रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारं यंत्र), कूलिंग आणि पीएलसी (यंत्रं चालवणारा नियंत्रक संगणक) हे सगळं तेच आहे, त्यावर फक्त या गॅसपुरता एक थर चढवायचा. जर्मनीतल्या बीआयबीबी या केंद्रीय व्यवसाय-प्रशिक्षण संस्थेच्या एचटूप्रो अभ्यासाचा कल दुसऱ्या बाजूकडे आहे आणि प्लांटमधलं काम जवळून पाहिलं तर तोच जास्त पटतो. मात्र हा थर पातळ आहे म्हणून तो दोन दिवसांच्या वर्गात उरकता येतो असं नाही, अपघात होतात ते नेमके याच थरात.

उगम : हे प्रशिक्षण कधी सुरू झालं याबद्दल तीन मतं आहेत.

पहिलं मत सगळ्यात मागे, १८ व्या शतकात जातं. कॅव्हेंडिशने १७६६ मध्ये या 'ज्वालाग्राही हवे'चा नीट अभ्यास केला आणि १७८३ मध्ये जॅक शार्लचा हायड्रोजन भरलेला बलून पॅरिसहून उडाला. १७९४ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या सरकारने बलूनवाल्यांची लष्करी तुकडी उभी केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पॅरिसजवळ मदों इथे निकोला-जाक काँते याच्या हाताखाली या लोकांना शिकवायची शाळा काढली. आता हे लोक गॅस कसा तयार करत होते ते पाहण्यासारखं आहे, कारण नेहमीची पद्धत म्हणजे लोखंडावर गंधकाम्ल टाकणं, पण गंधक बंदुकीच्या दारूला लागत होतं म्हणून ते मिळेना, मग रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएच्या पद्धतीने लालबुंद तापलेल्या लोखंडावरून वाफ सोडून हायड्रोजन काढायचे, म्हणजे भट्टी बांधणं, नळ्यांचे सांधे बंद करणं, बलूनच्या कापडाला व्हार्निश चढवणं ही सगळी कामं शिकवावी लागत होती. काँतेचा स्वतःचा एक डोळा प्रयोग करताना झालेल्या स्फोटात गेला. बलूनची तुकडी १७९९ च्या सुमारास मोडली आणि शाळाही फार टिकली नाही, तिथे तयार झालेलं कसब पुढच्या उद्योगात गेलं असं दिसत नाही. त्यामुळे पहिली शाळा म्हणून मदोंचा मान ठेवावा, पण आजच्या प्रशिक्षणाचं मूळ म्हणून नाही, असं म्हणणं सुरक्षित वाटतं.

दुसरं मत कारखान्यांकडे बोट दाखवतं. १९ व्या शतकात कोळशापासून काढलेला शहरी गॅस दिव्यांसाठी वापरायचे, त्यात साधारण अर्धा भाग हायड्रोजनच असायचा. म्हणजे गॅसवर्क्सचे कामगार नकळत हायड्रोजनचेच कामगार होते. पुढे १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ इथे अमोनियाचा कारखाना सुरू झाला आणि १९२० च्या दशकाच्या शेवटी नॉर्वेत र्‍यूकान भागात जलविद्युत वापरून पाण्याचं विद्युत अपघटन मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. इथे शिक्षण उस्तादाच्या हाताखालचं होतं, शिफ्टमध्ये उभं राहून शिकायचं. आजच्या अल्कलाईन इलेक्ट्रोलायझरच्या (विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारं, अल्कली द्रावणावर चालणारं यंत्र) ऑपरेटरची खरी वंशावळ इथे लागते, आणि सलगपणा पाहिला तर हेच मत जास्त भक्कम आहे.

तिसरं मत अवकाश कार्यक्रमाचं. १९६३ च्या नोव्हेंबरमध्ये द्रव हायड्रोजनवर चालणाऱ्या सेंटॉर रॉकेटटप्प्याचं पहिलं यशस्वी उड्डाण झालं, आणि उणे २५३ अंशाचं द्रव हाताळायला माणसं पद्धतशीर तयार करावी लागली. लिखित कार्यपद्धती, चेकलिस्ट, एकट्याने काम न करण्याचा नियम या सवयी बऱ्याच अंशी तिथून आल्या असं मानतात. न दिसणारी ज्योत शोधायला झाडू पुढे धरून चालायचं, झाडूने पेट घेतला की थांबायचं, ही युक्तीही त्याच काळातल्या हकिकतींत येते.

इंधन घटाच्या जनकत्वाचा वाद इथे थोडक्यात सांगायला हवा कारण अभ्यासक्रमाच्या पहिल्याच धड्यात तो येतो. ब्रिटनच्या विल्यम ग्रोव्हला जनक म्हणायची पद्धत आहे पण रसायनशास्त्रज्ञ ख्रिस्तियन शोनबाइनचा लेख १८३९ च्या जानेवारीत आला आणि ग्रोव्हचा फेब्रुवारीत, मात्र ग्रोव्हच्या लेखाच्या शेवटी जोडलेली टीप जानेवारीचीच आहे. दोघांचा पत्रव्यवहार आणि मैत्री होती. तत्त्व शोनबाइनने ओळखलं आणि चालणारी गॅस बॅटरी ग्रोव्हने १८४२ पर्यंत उभी केली, अशी वाटणी बहुतेक जण मान्य करतात. इंग्लिश इंजिनीअर फ्रान्सिस बेकनचा ५ किलोवॅटचा घट १९५९ चा, तिथून पुढे हे यंत्र दुरुस्त करणारा मेकॅनिक लागायला सुरुवात झाली.

आशय : गॅसच्या गुणधर्मांपासून सुरुवात होते. हवेत ४ ते ७५ टक्के एवढ्या रुंद पट्ट्यात हायड्रोजन पेटतो, पेटायला ०.०२ मिलीज्यूल एवढी ऊर्जा पुरते, म्हणजे मिथेनच्या दहाव्या हिश्शाहून कमी, कपड्याच्या घर्षणातून उडणारी ठिणगीसुद्धा पुरेशी आहे. वास नाही, रंग नाही, ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही. जमेची बाजू अशी की तो हवेपेक्षा १४ पट हलका आहे, उघड्यावर वर निघून जातो, पण छताखाली अडकला की तेच हलकेपण उलटतं. म्हणून गळती ओळखणारा सेन्सर वर, छताजवळ लावायचा. जड गॅसवर काम केलेला माणूस सवयीने तो खाली लावतो, आणि जुनी सवय मोडणं हे नवं शिकवण्यापेक्षा अवघड जातं.

पर्जिंगला खूप वेळ द्यावा लागतो. हवा असलेल्या पाईपमध्ये थेट हायड्रोजन सोडायचा नाही, आधी नायट्रोजनने हवा हाकलायची मग हायड्रोजन, आणि काम संपल्यावर उलट क्रमाने. द्रव हायड्रोजनच्या लाईनला शेवटी हेलियम लागतो कारण नायट्रोजन उणे २१० अंशालाच गोठतो आणि बर्फाने लाईन तुंबते. नायट्रोजन स्वतः गुदमरवणारा गॅस आहे हे याच धड्यात सांगितलं पाहिजे, बंद टाकीत वाकून पाहणारा माणूस काही श्वासांत कोसळतो.

गळती शोधण्याच्या सरावासाठी ५ टक्के हायड्रोजन आणि ९५ टक्के नायट्रोजन असं मिश्रण वापरतात, ते पेटत नाही त्यामुळे शिकाऊ माणसाला चुका करायची मोकळीक मिळते. साबणाचं पाणी अजूनही लागतंच. नळीच्या कम्प्रेशन फिटिंगचा सराव तर पुन्हा पुन्हा करून घ्यावा लागतो : फेरूल (नळीवर आवळून बसणारी कडी) सरळ बसलं का, नट बोटाने घट्ट करून खूण करायची, मग नेहमीच्या मापांत पान्याने सव्वा फेरा, आणि दोन कंपन्यांचे भाग एकमेकांत मिसळायचे नाहीत. ७०० बारच्या (हवेच्या दाबाच्या सुमारे ७०० पट) लाईनला हे फिटिंग चालत नाही, तिथे कोन-आणि-आट्यांचे जोड आणि टॉर्क रेंच.

हे एवढं बारीक का सांगायचं, तर १० जून २०१९ चं नॉर्वेतलं उदाहरण बघा. ओस्लोजवळ सांडविका इथल्या भरणा स्टेशनवर स्फोट झाला, सुदैवाने कोणी दगावलं नाही, आणि तपासात निघालं काय तर उच्च दाबाच्या टाकीच्या एका प्लगचे आतले बोल्ट पुरेसे आवळलेले नव्हते. आधी बारीक गळती, मग सील निकामी, मग गॅसचा ढग आणि स्फोट. रसायनशास्त्राच्या अज्ञानातून हे घडलं नाही, जुळणीच्या टेबलावर एका माणसाच्या हातून राहून गेलेल्या कामातून घडलं. ते काम तपासायची पद्धत नीट असती तर ते तिथेच सापडलं असतं. व्यवसाय प्रशिक्षणाच्या बाजूने याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

त्याच्या आधी जेमतेम तीन आठवडे, २३ मे २०१९ ला, दक्षिण कोरियात गांगनुंग इथे एका प्रायोगिक प्रकल्पातल्या हायड्रोजनच्या टाक्या फुटल्या, २ माणसं गेली आणि ६ जखमी झाली. तिथे हायड्रोजनमध्ये ऑक्सिजन मिसळला होता. इलेक्ट्रोलायझरमध्ये पडद्याच्या दोन्ही बाजूंना दोन गॅस तयार होतात आणि थोडे एकमेकांकडे झिरपतात. पूर्ण लोडवर हे झिरपणं प्रमाणात नगण्य असतं, पण सौर वीज कमी झाली, लोड उतरला की तयार होणारा गॅस घटतो आणि झिरपणं मात्र जवळपास तेवढंच राहतं, म्हणजे शुद्धता घसरते. म्हणून ऑपरेटरला शिकवायचं की कमी लोड म्हणजे निवांत वेळ नाही, तेव्हाच गॅसची शुद्धता दाखवणाऱ्या ॲनालायझरवर नजर ठेवायची. जुन्या अल्कलाईन प्लांटचा ऑपरेटर एकसारख्या विजेवर शिकलेला असतो, त्याला सौर-पवनवर चालणारं मशीन नवीनच पडतं. याशिवाय अल्कलाईन इलेक्ट्रोलायझरमधलं २५ ते ३० टक्के तीव्रतेचं गरम पोटॅश द्रावण डोळ्यांत गेलं तर काय करायचं, हे पहिल्याच दिवशी.

धातूंचा ठिसूळपणा हा तांत्रिक वादाचा विषय आहे. १८७५ मध्ये डब्ल्यू. एच. जॉन्सन याने दाखवलं की आम्लात बुडवलेली लोखंडी तार ठिसूळ होते आणि काही काळाने पुन्हा पूर्ववत होते, म्हणजे दोष आत शिरलेल्या हायड्रोजनचा. नेमकं आत काय घडतं यावर पुढे दोन मुख्य स्पष्टीकरणं आली. एकात हायड्रोजन अणूंमधला बंध सैल करतो, दुसऱ्यात (बीचम, १९७२) तो तड्याच्या टोकाशी धातूचं स्थानिक घसरणं सोपं करतो. आज बरेच अभ्यासक दोन्ही यंत्रणा परिस्थितीनुसार काम करतात असं मानतात आणि तेच संयुक्तिक वाटतं. वेल्डरला या वादाची गरज नाही, त्याला कळायला हवं ते इतकंच की जास्त ताकदीचं, जास्त कठीण पोलाद इथे जास्त धोक्याचं, म्हणून ३१६एल सारखं स्टेनलेस स्टील पसंत करतात, सांध्याजवळची कठीणता तपासायची आणि स्टोअरमध्ये बोल्ट मिळाला नाही म्हणून 'त्याहून मजबूत' बोल्ट बसवायचा नाही.

भरणा स्टेशनच्या कामात ३५० आणि ७०० बार, उणे ४० अंशापर्यंत गार केलेला गॅस, आणि टाकीचं तापमान ८५ अंशावर जाऊ न देणं एवढं मुख्य. शुद्धतेचे नियम कडक आहेत, कार्बन मोनॉक्साईड ०.२ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.२ भाग) वर गेला की इंधन घटातलं प्लॅटिनम निकामी व्हायला लागतं, त्यामुळे नमुना घेणाऱ्याची बाटली स्वच्छ नसेल तर सगळी तपासणीच वाया.

अग्निशमनाचं शिक्षण वेगळं आहे. इथे मुख्य नियम सर्वसाधारण समजुतीच्या उलट : गॅसचा पुरवठा बंद होत नाही तोवर ज्योत विझवायची नाही, आजूबाजूच्या टाक्या पाण्याने गार ठेवायच्या, कारण विझवलेल्या ज्योतीतून निघत राहिलेला गॅस साचून स्फोट होतो. २०१३ पासून युरोपच्या हायरिस्पॉन्स प्रकल्पात फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हाँसच्या राष्ट्रीय अग्निशमन अधिकारी शाळेत खऱ्या ज्वाळांवर सराव सुरू झाला. हायड्रोजन भरलेल्या हिंडेनबर्ग या जर्मन हवाई जहाजाचा प्रश्न या वर्गांत हमखास निघतो. ६ मे १९३७ च्या त्या अपघातात ३६ जण गेले, त्यात एक जमिनीवरचा, आणि जहाजावरच्या ९७ पैकी ६२ वाचले. आग आधी कापडावरच्या लेपाने धरली असं १९९० च्या दशकात मांडलं गेलं, पण आगीचं मुख्य इंधन हायड्रोजनच होता हे मत अधिक मान्य आहे.

देशोदेशीची व्यवस्था : जर्मनीत कंपनी आणि शाळा असं दुहेरी शिक्षण जुनंच आहे, त्यावर हायड्रोजनची जोडपात्रता दिली जाते. जपानमध्ये उच्च दाब गॅस सुरक्षेचा १९५१ चा कायदा आहे, स्टेशनवर पात्र सुरक्षा पर्यवेक्षक असावाच लागतो, म्हणजे तिथे प्रशिक्षणाची गरज कायद्यातून येते, ऐच्छिक राहत नाही. दक्षिण कोरियाने २०२० मध्ये हायड्रोजन अर्थव्यवस्था आणि सुरक्षेसाठी स्वतंत्र कायदा केला. अमेरिकेत केमिकल इंजिनीअरांच्या संस्थेचं हायड्रोजन सुरक्षा केंद्र २०१९ पासून अभ्यासक्रम चालवतं. भारतात २०२३ च्या जानेवारीत मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनमध्ये कौशल्य विकास हा एक घटक आहे आणि २०३० पर्यंत ६ लाखांहून जास्त रोजगारांचा अंदाज दिलेला आहे.

अशा अंदाजांकडे जपून पाहायला हवं. २०१९ च्या युरोपीय आराखड्यात २०५० साठी ५४ लाख नोकऱ्यांचा आकडा आहे, पण हे आकडे प्रकल्प ठरल्याप्रमाणे उभे राहतील असं धरून काढलेले असतात आणि त्यात बांधकामाचे तात्पुरते हातही येतात. प्लांट एकदा चालू झाला की तो चालवायला फार थोडी माणसं लागतात. म्हणून केवळ हायड्रोजनपुरतं शिकवलेल्या मुलापेक्षा आधी पक्का फिटर किंवा इलेक्ट्रिशियन असलेला आणि मग हा थर घेतलेला कामगार जास्त टिकून राहतो, एक प्रकल्प रखडला तरी त्याचे हात रिकामे राहत नाहीत.

एका देशाचं प्रमाणपत्र दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही. स्फोटक वातावरणातल्या विद्युत उपकरणांसाठी आयईसी ६००७९ ही मानकमालिका सामाईक आहे आणि हायड्रोजन तिच्यात आयआयसी या सर्वात कडक गटात मोडतो, त्यामुळे निदान इलेक्ट्रिशियनच्या बाबतीत तरी सगळीकडचे प्रशिक्षक एकाच पानावरून शिकवतात.