तिसऱ्या महिन्याच्या सोनोग्राफीत हात-पाय आले कसे

गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो मुलं आखूड किंवा अर्धवट हात-पाय घेऊन जन्मली. १९६१ च्या अखेरीस ते औषध मागे घेतलं गेलं, तेव्हा जन्माआधी हे दिसण्याची सोयच नव्हती. सत्तरच्या दशकात काही ठिकाणी गर्भाशयात बारीक दुर्बीण घालून गर्भ पाहिला जाई, पण त्यात गर्भपाताची भीती असे. ऐंशीच्या दशकात योनीमार्गातून तपासणारा सोनोग्राफीचा प्रोब आला आणि चित्र बदललं.

१९९१ मध्ये जनुकीय तपासणीसाठी वारेचा नमुना फार लवकर काढलेल्या काही गर्भांत हातापायांतल्या उणिवा आढळल्या. बराच वाद झाला आणि दहा आठवड्यांआधी ही तपासणी टाळायची असं ठरलं.

११ ते १४ आठवड्यांची सोनोग्राफी रुळली ती मात्र मानेमागच्या पाण्यासाठी. गर्भाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असताना त्या पाण्याची जाडी मोजून डाउन सिंड्रोमची शक्यता काढायची, एवढाच मूळ हेतू. हात-पाय आयतेच पडद्यावर येत, म्हणून बघितले जात.

२०१३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी त्यांना यादीत जागा दिली: चारही हात-पाय, प्रत्येकाचे तीन भाग (दंड, कोपराखालचा हात, पंजा, मांडी, पोटरी, पाऊल), पंजे आणि पावलं सरळ. बोटं मोजण्याचं बंधन मात्र नाही. ते विसाव्या आठवड्याच्या नेहमीच्या तपासणीतही नव्हतं. गंमत अशी, की बाराव्या-तेराव्या आठवड्यात पंजा बरेचदा उघडा असतो आणि बोटं सुटी दिसतात. पुढे मूठ वळली की मोजायला घाम फुटतो. तरीही बंधन नाही, आणि मला ते पटतं. एखादं जादा बोट अनेकदा निरुपद्रवी असतं, घरातल्या आणखी कुणाला तसंच असतं. पण तिसऱ्या महिन्यात ते अहवालात आलं, की पुढच्या तपासण्यांची रांग लागते. उलट बाजूही खरी: कधी तेच बोट एखाद्या गंभीर जनुकीय आजाराची पहिली खूण असतं. म्हणून अनुभवी डॉक्टर बंधन नसतानाही मोजतात.

हाताचा अख्खा भाग नसेल तर तो या वयात बऱ्यापैकी सापडतो. वाकडं पाऊल फसवतं, कारण गर्भ तेव्हा पाऊल तसंही वळवून ठेवतो. अकॉन्ड्रोप्लेझियात (हातापायांची हाडं आखूड राहणाऱ्या जनुकीय आजारात) तर मांडीचं हाड वाढीत मागे पडल्याचं सहसा विसाव्या आठवड्यानंतरच कळतं. तिथे लवकरच्या सोनोग्राफीचा उपयोग नाही.