अ‍ॅपच्या पानावरची एकेक ओळ

२००७ च्या सुमारास आमच्या गावात एसटी स्टँडसमोर मोबाइलचं एक दुकान होतं. काचेवर पाटी, 'मेमरी कार्ड भरून मिळेल'. गाणी, रिंगटोन, वॉलपेपर, गेम. 'अ‍ॅप' हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता; 'सॉफ्टवेअर टाकून द्या' म्हणायचे. नोकियाच्या फोनवर काही टाकताना 'सर्टिफिकेट एक्स्पायर्ड' असा संदेश आला की दुकानदार फोनची तारीख दोन वर्षं मागे न्यायचा, सॉफ्टवेअर टाकायचा आणि तारीख परत जागेवर आणायचा. वीस रुपये. ते सर्टिफिकेट कशाला असतं हे ना त्याने कधी सांगितलं, ना आम्ही विचारलं.

असायचं ते आपल्यासाठीच. त्या नोकियांवर सिंबियन ही प्रणाली चालायची, आणि जून २००४ मध्ये तिच्यासाठी 'कॅबिर' नावाचा किडा, म्हणजे व्हायरसचाच एक भाऊबंद, निघाला होता. तो ब्लूटूथवरून फोनाफोनात जायचा, पण आपण परवानगी दिली तरच. लोक देत होते. २००५ मध्ये हेलसिंकीला जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा चालू असताना भर स्टेडियममध्ये तो पसरला. हजारो माणसं ब्लूटूथच्या टप्प्यात मांडीला मांडी लावून बसलेली, दुसरं काय होणार? 'सिंबियन साइन्ड' हा शिक्का अशाच प्रकारांवरचा उपाय होता. सॉफ्टवेअर कुणाचं, ते कुणीतरी तपासलंय का, आणि फोनमधल्या कुठल्या गोष्टींना ते हात लावणार, हे त्यावरून ठरायचं. आणि आमचा दुकानदार तारीख मागे नेऊन तो शिक्का निकामी करत होता. त्याला दोष देत नाही. गेम आम्हालाच हवा होता.

'हे अ‍ॅप टाकू का?' असं आज घरातलं कुणी विचारतं तेव्हा आपण स्टोअरमधलं त्याचं पान उघडतो. तारे, डाउनलोडचा आकडा, बनवणाऱ्याचं नाव, परवानग्या, माहितीच्या सुरक्षेचा रकाना. हे पान एका बैठकीत आखलेलं नाही. तारे आणि आकडे पहिल्यापासून होते. बाकीच्या बहुतेक ओळी कुठल्या ना कुठल्या बोभाट्यानंतर आल्या किंवा बदलल्या, आणि आल्या की त्यांचीही नक्कल करायला लोक शिकले.

अ‍ॅपलचं अ‍ॅप स्टोअर १० जुलै २००८ ला उघडलं, साधारण ५०० अ‍ॅप्स घेऊन. त्याआधी वर्षभर आयफोनवर बाहेरच्या कुणाचं अ‍ॅप टाकायची सोयच नव्हती. अ‍ॅपलचा नियम असा, की प्रत्येक अ‍ॅप आमच्या माणसांनी पाहिल्याशिवाय दुकानात लागणार नाही. महिन्याभरातच 'आय अ‍ॅम रिच' नावाचं अ‍ॅप त्या तपासणीतून सुखरूप बाहेर आलं. किंमत ९९९ डॉलर ९९ सेंट. काम एकच, पडद्यावर चमकणारा लाल खडा दाखवायचा. आठ जणांनी ते विकत घेतलं आणि मग अ‍ॅपलने ते काढून टाकलं. त्यात फसवणूक म्हणावी असं काही नव्हतं, नावातच सगळं आलं होतं. पण तपासणीत पास होणं वेगळं आणि पैसे देण्याच्या लायकीचं असणं वेगळं, हे पहिल्याच महिन्यात दिसलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुगलचं अँड्रॉइड मार्केट आलं. तिथला कारभार आठवडी बाजारासारखा होता. २५ डॉलर भरून नाव नोंदवलं की पथारी मांडायला मोकळे, आधी कुणी बघणार नाही. मार्च २०११ मध्ये त्या बाजारात पन्नासहून जास्त अ‍ॅप्स 'ड्रॉइडड्रीम' नावाच्या घातक कोडसकट सापडली. त्यातली बरीचशी खऱ्या अ‍ॅप्सची नक्कल होती. मूळ अ‍ॅप उचलायचं, त्यात आपला मसाला घालायचा आणि दुसऱ्या नावाने परत बाजारात बसायचं. गुगलने ती दुकानातून काढलीच, शिवाय लोकांच्या फोनमधूनही दुरून पुसली. तसं करता येतं हे अनेकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये गुगलने 'बाउन्सर' ही आपोआप तपासणी जाहीर केली, पुढच्याच महिन्यात बाजाराचं नाव 'गुगल प्ले' झालं, आणि अ‍ॅप दुकानात लागण्याआधी माणसंही बघतात हे सांगायला मार्च २०१५ उजाडलं.

आयफोनवाल्यांनी फार हसू नये. सप्टेंबर २०१५ मध्ये 'एक्सकोडघोस्ट' प्रकरण निघालं. आयफोनची अ‍ॅप्स ज्या साधनाने बनवतात ते अधिकृत जागेवरून उतरवायला चीनमध्ये फार वेळ लागायचा, म्हणून काही प्रोग्रामरांनी ते दुसरीकडून घेतलं. त्यात आधीच भेसळ होती. परिणामी मेसेज पाठवायच्या वुईचॅटसारख्या नामांकित अ‍ॅपच्या एका आवृत्तीतही ती भेसळ गेली, बनवणाऱ्यांना पत्ता नसताना, अ‍ॅपलची तपासणी पार करून.

परवानग्यांची गोष्ट टॉर्चच्या अ‍ॅपवरून सांगितलेली बरी. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या फोनमध्ये टॉर्चचं बटण नसायचं, त्यामुळे टॉर्चची अ‍ॅप्स धडाधड उतरायची. 'ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट' त्यातलंच एक, कोट्यवधी फोनमध्ये गेलेलं. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याच्या कर्त्यावरची कारवाई जाहीर केली. माणूस कुठे आहे ते ठिकाण आणि फोनची ओळख हे अ‍ॅप जाहिरात कंपन्यांना पाठवत होतं. तक्रारीतला एक तपशील मी कधी विसरलो नाही. अ‍ॅप पहिल्यांदा उघडलं की अटींचं पान यायचं, खाली दोन बटणं, मान्य आणि नामंजूर. माणूस ते पान वाचत असतानाच माहिती निघून गेलेली असायची. कुठलंही बटण दाबा.

त्या काळात अँड्रॉइडवर परवानग्यांची यादी इन्स्टॉल करण्याआधी एकगठ्ठा दाखवत. सगळं मान्य करा, नाहीतर अ‍ॅप नाही. एसटीत चढल्यावर तिकिटामागचा मजकूर जितके लोक वाचतात तितकेच ती वाचायचे. ऑक्टोबर २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ आलं तेव्हा ही पद्धत मोडली: अ‍ॅपला कॅमेरा लागेल तेव्हा ते कॅमेऱ्याचं विचारेल, कॉन्टॅक्ट लागतील तेव्हा कॉन्टॅक्टचं, आणि एकाला हो, दुसऱ्याला नाही म्हणता येईल. आयफोनवर कॉन्टॅक्टसाठी विचारणं २०१२ मध्येच सुरू झालं होतं, तेही 'पाथ' नावाचं अ‍ॅप लोकांची अख्खी फोनवही न विचारता आपल्या सर्व्हरवर चढवतं हे उघड झाल्यानंतर. माझ्या लेखी पानावरच्या सगळ्या ओळींमध्ये परवानग्यांची ओळ सर्वांत कामाची. ती अ‍ॅपच्या मालकाने सांगितलेली नसते, फोनच अडवून विचारतो. टॉर्चला ठिकाण कशाला, कॅलेंडरला एसएमएस कशाला, एवढं कळायला कॉम्प्युटरचं शिक्षण लागत नाही.

ताऱ्यांचं मात्र हसू यावं असं झालं. २०१४ च्या वसंतात प्ले स्टोअरवर 'व्हायरस शील्ड' आलं. किंमत ३.९९ डॉलर, दहा हजारांहून जास्त खरेदी, ४.७ तारे, नव्या विकाऊ अ‍ॅप्सच्या यादीत वरचं स्थान. 'अँड्रॉइड पोलीस' या संकेतस्थळाने त्याचा कोड उलगडून पाहिला. आत काय होतं? ढालीचं एक चित्र. त्यावर बोट ठेवलं की फुलीची जागा बरोबरची खूण घ्यायची. बस. व्हायरस शोधणारी एक ओळ नव्हती. गुगलने लोकांचे पैसे परत केले, वर स्टोअरमध्ये खर्चायला पाच डॉलर दिले. माझ्या डोक्यात राहिले ते ४.७ तारे. थोडे विकतचे असतील, पण बाकीच्यांनी मनापासून दिलेले असणार, कारण खूण खरंच बदलायची आणि फोनला खरंच काही होत नव्हतं. अ‍ॅपची सुरक्षितता वापरणाऱ्याला दिसत नाही, मग तो तारे कशाला देतो? बटण दाबल्यावर काहीतरी घडलं, याला.

गुगलने २०१९ मध्ये ताऱ्यांची सरासरी काढताना ताज्या अभिप्रायांना जास्त वजन द्यायला सुरुवात केली. चांगलं केलं. तरी मी सरासरी बघतच नाही. एक तारा दिलेले, गेल्या महिन्याभरातले अभिप्राय काढतो. 'नाइस अ‍ॅप', 'खूप छान' याने काही कळत नाही. 'पैसे कट झाले पण रिचार्ज झाला नाही, फोन कोणी उचलत नाही' हे तीन वेगवेगळ्या लोकांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलं असेल तर कळतं.

मग बनवणाऱ्याचं नाव तरी? नोव्हेंबर २०१७ मध्ये प्ले स्टोअरवर 'अपडेट व्हॉट्सअ‍ॅप मेसेंजर' नावाचं अ‍ॅप होतं. खाली कंपनीचं नाव अगदी खऱ्या व्हॉट्सअ‍ॅपचंच, अक्षर अन् अक्षर जुळणारं. फक्त शेवटी एक जादा अक्षर होतं, जे डोळ्याला दिसतच नाही: युनिकोड या संगणकाच्या अक्षर-यादीतली कोरी जागा. संगणकाच्या लेखी नावं दोन, माणसाच्या लेखी एक. कुणाच्या तरी लक्षात येईपर्यंत ते दहा लाखांहून जास्त वेळा उतरलं होतं. नाव वाचून थांबू नये, त्यावर बोट ठेवून त्याच कंपनीची बाकीची अ‍ॅप्स पाहावीत, हा सल्ला तेव्हापासून मी देतो. खऱ्या कंपनीच्या नावाखाली काही वर्षांचा संसार दिसतो. नकली नावाखाली एकुलतं एक अ‍ॅप, फार तर बरोबर एखादा वॉलपेपर. सरकारी योजनांच्या नावाने निघणाऱ्या अ‍ॅप्सचा सुळसुळाट इतका झाला, की मे २०२४ मध्ये गुगलने खऱ्या सरकारी अ‍ॅप्सना वेगळी खूण दिली. भारत त्या पहिल्या देशांमध्ये होता.

आपल्याकडे हा विषय घराघरात गेला तो २०२० मध्ये. २९ जूनला केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमाखाली ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली. त्यात कागद स्कॅन करायचं कॅमस्कॅनर होतं, आणि त्याबद्दल दोन गोष्टींची सरमिसळ अजून चालते. बंदीचं कारण देशाची सुरक्षा आणि सार्वभौमत्व असं दिलं गेलं. त्याच्या दहा महिने आधी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीला त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीत जाहिरातींच्या भागातून आलेला घातक कोड सापडला होता, तो प्रकार निराळा. दहा कोटींहून जास्त डाउनलोड, वर्षानुवर्षं नीट चाललेलं अ‍ॅप, आणि एका अपडेटबरोबर आत चोर. डाउनलोडचा आकडा कालचा असतो. अपडेट आजचं.

कर्जाच्या अ‍ॅप्सचा अनुभव याहून कडू. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने नोव्हेंबर २०२१ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत ८० हून जास्त अ‍ॅप स्टोअरवर भारतीयांसाठी कर्जाची सुमारे ११०० अ‍ॅप्स होती, आणि त्यातली ६०० बेकायदा. ती कॉन्टॅक्ट आणि फोटोंची परवानगी मागत, तारण म्हणा हवं तर. मला त्याच सुमारास एकदा फोन आला होता. पूर्वी एकदा आमचं इलेक्ट्रिकचं काम करून गेलेल्या मुलाने सात हजार थकवलेत, त्याला सांगा, नाहीतर तुमचा नंबरही 'लिस्टला' आहे. त्या बिचाऱ्याच्या फोनवहीत मी होतो, एवढाच माझा गुन्हा. ३१ मे २०२३ पासून गुगलने वैयक्तिक कर्जाच्या अ‍ॅप्सना कॉन्टॅक्ट आणि फोटो मागायलाच बंदी केली. २०२५ च्या जुलैपासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर, तिच्या नियंत्रणाखालच्या बँका आणि वित्तसंस्था जी कर्जाची अ‍ॅप्स वापरतात त्यांची यादीही आहे. कर्जाचं अ‍ॅप त्या यादीत नसेल तर मी पुढे काही बघणारही नाही.

माहितीच्या सुरक्षेचा रकाना सर्वांत नवा. अ‍ॅपलने डिसेंबर २०२० मध्ये आणला, गुगलने २०२२ मध्ये. अ‍ॅप कुठली माहिती घेतं आणि कुणाला देतं ते त्यात लिहिलेलं असतं. लिहितो कोण? अ‍ॅपचा मालक. दूधवाल्यानेच कॅनवर 'पाणी घातलेलं नाही' अशी चिठ्ठी डकवावी तसं. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने २०२३ मध्ये प्ले स्टोअरवरची ४० लोकप्रिय अ‍ॅप्स घेऊन हा रकाना त्यांच्याच गोपनीयता धोरणाशी ताडून पाहिला, तर जवळपास ८० टक्के अ‍ॅप्समध्ये तफावत निघाली.

आणि हे सगळं पान ओलांडून जायचा रस्ता म्हणजे एपीके फाइल, स्टोअरशिवाय थेट फोनवर टाकता येणारं अँड्रॉइडचं अ‍ॅप. अलीकडे ती लग्नाचं आमंत्रण होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर येते, किंवा आरटीओचं चलान, किंवा पीएम किसानचा हप्ता. तारे नाहीत, आकडा नाही, पाठवणारा मात्र ओळखीचा, कारण त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. उघडली की ती एसएमएस वाचायची परवानगी मागते, आणि पुढचे ओटीपी परस्पर दुसरीकडे पोचतात. स्टोअरबाहेरून अशा परवानग्या मागत येणारी अ‍ॅप्स थेट अडवायचा प्रयोग गुगलने भारतासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याही पुढचं पाऊल सांगितलं: अ‍ॅप कुठूनही येवो, बनवणाऱ्याची ओळख पटलेली हवी. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून, बाकी जगात २०२७ पासून. मुक्त सॉफ्टवेअरचं वेगळं स्टोअर चालवणाऱ्या 'एफ-ड्रॉइड'ने याला कडाडून विरोध केला, आणि मला तो पटतो. स्टोअरबाहेरचं सगळंच चोरीचं नसतं. पण आमंत्रणाची फाइल माझ्या फोनवर येऊन गेलीय, त्यामुळे गुगलचं म्हणणंही उडवून लावता येत नाही.

ती आमच्या घरच्या ग्रुपवर आली होती, दूरच्या एका आत्याच्या नंबरवरून. पाचच मिनिटांत काकांचा फोन. "अरे, कुणाचं लग्न आहे? माझ्याकडे उघडत नाहीये, तुझ्याकडे बघ."

"काका, हात लावू नका. काय दिसतंय स्क्रीनवर?"

"जागा शिल्लक नाही म्हणतंय."

तीन वर्षांचे गुड मॉर्निंगचे फोटो काकांनी एकही न पुसता ठेवले होते.