नसलेल्या दुखण्याचा इतिहास

कोल्हापूरच्या पेठांमध्ये कुणाच्या घरी मोठे आजारपण आले की मदत गोळा करण्याची एक ठरलेली रीत होती. तालमीतली चार पोरे आधी त्या घरी जात, रुग्णालयाची फाइल आणि खर्चाचा कागद डोळ्यांनी पाहत, मग पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरत आणि जमलेली रक्कम शक्यतो थेट रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीवर भरत. यात कुणाला अविश्वास वाटत नसे, कारण बघायला जाणे हीच मुळात विचारपूस होती. मोबाइलवरच्या गटांमुळे मदतीचा वेग वाढला, मात्र बघायला जाण्याची पायरी गळाली. खोट्या आजारपणाच्या ज्या गोष्टी आज कानावर येतात, त्या समजून घेताना मला ही गळालेली पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते.

सोंग मात्र इंटरनेटपेक्षा पुष्कळ जुने आहे. १९५१ मध्ये रिचर्ड ॲशर या ब्रिटिश डॉक्टरांनी ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फिरणाऱ्या, पोटदुखीच्या, रक्तस्रावाच्या किंवा बेशुद्धीच्या रचलेल्या कहाण्या सांगणाऱ्या आणि प्रसंगी गरज नसलेल्या शस्त्रक्रियाही करून घेणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले. अचाट थापांसाठी प्रसिद्ध असलेल्या अठराव्या शतकातील एका जर्मन उमरावावरून त्यांनी या विकाराला ‘मुन्शाउझेन सिंड्रोम’ असे नाव दिले. नाव रुजले, पण त्यामुळे सगळ्यांचे लक्ष थापेकडे गेले आणि थाप मारणाऱ्याच्या रित्या आयुष्याकडे गेले नाही, असे मला वाटते. १९७७ मध्ये रॉय मेडो या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी स्वतःऐवजी मुलाला आजारी भासवणाऱ्या पालकांची प्रकरणे मांडली. रजा, पैसा किंवा भरपाई यांसाठी केलेले ढोंग वेगळे आणि केवळ रुग्ण म्हणून मिळणाऱ्या मायेसाठी घेतलेले सोंग वेगळे, हा फरक मनोविकारशास्त्राने पुढे स्पष्ट केला.

पूर्वी असे सोंग वठवायचे तर निदान डॉक्टरला फसवावे लागे, अंगावर व्रण दाखवावे लागत. इंटरनेटवर रुग्णांचे आधारगट तयार झाल्यावर तेवढीही गरज उरली नाही. मार्क फेल्डमन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी २००० मध्ये या प्रकाराला ‘मुन्शाउझेन बाय इंटरनेट’ असे नाव दिले आणि त्याच्या खुणाही नोंदवल्या. प्रकृती एकाएकी मरणाच्या दारात जाते आणि तितक्याच चमत्कारिकपणे सुधारते, गटाचे लक्ष दुसऱ्याकडे वळले की नवे संकट कोसळते, प्रत्यक्ष भेट किंवा फोन टाळला जातो, आणि रुग्णाचे म्हणून जे नातेवाईक लिहितात त्यांची भाषा हुबेहूब रुग्णासारखीच असते. पुढच्याच वर्षी, मे २००१ मध्ये, रक्ताच्या कर्करोगाशी झुंजणाऱ्या केसी निकोल या अमेरिकन मुलीच्या निधनाची बातमी तिच्या ऑनलाइन रोजनिशीच्या वाचकांना मिळाली. अंत्यविधीची माहिती शोधू लागलेल्या वाचकांनीच काही दिवसांत उलगडा केला की ही मुलगी कधी अस्तित्वातच नव्हती. कॅन्ससमधील एका प्रौढ स्त्रीने तिला उभे केले होते.

पैशासाठी घेतलेले सोंग हा याचा शेजारचा प्रकार आहे. ऑस्ट्रेलियात बेल गिब्सन हिने मेंदूचा कर्करोग आहारोपचाराने आटोक्यात ठेवल्याचे सांगून ॲप आणि पुस्तक विकले. २०१५ मध्ये तो आजार खोटा ठरला आणि २०१७ मध्ये न्यायालयाने तिला ४,१०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

आपल्याकडे २०१६ मध्ये यूपीआय आले आणि पावतीपुस्तकाची जागा क्यूआर कोडने घेतली. २०१९ च्या महापुरात पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांवर मजल मारली, तेव्हा याच मोबाइल गटांनी होड्या, औषधे आणि जेवण पोहोचवले, हे विसरता येत नाही. त्या दिवसांत आलेला निरोप पुढे पाठवणे हेच कर्तव्य होते, आणि ती सवय अंगवळणी पडली. पैसे उकळले गेले तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड आहे, तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे. एक रुपयाही न मागणाऱ्या सोंगापुढे मात्र कायदा जवळपास हतबल आहे.

आईच्या उपचारांच्या काळात मी कर्करोगाच्या रुग्णांच्या नातेवाइकांच्या एका गटात होतो. तिथे एक तरुणी चार महिने आपल्या केमोबद्दल लिहीत असे. ती शुद्धीवर नसल्याचे तिचा भाऊ कळवू लागला, तेव्हा गटातल्या दोघींनी तिच्यासाठी अंबाबाईची ओटी भरली. भाऊही तिच्यासारखेच ‘सलाईन’ऐवजी ‘सलाईण’ लिहितो, हे एका निवृत्त शिक्षिकेच्या लक्षात आले आणि चौकशीअंती आजारी कुणीच नसल्याचे समजले. त्या तरुणीने कधीही पैसे मागितले नव्हते. त्याच आठवड्यात एका बाईंनी रात्री अकरा वाजता, केमोनंतर १०२ ताप आहे, काय करू, असे विचारले. निरोप अनेकांनी वाचल्याचे दिसत होते, तरी बराच वेळ कुणी काही लिहिले नाही. अखेर पहिले उत्तर आले, “ताई, आधी रिपोर्टचा फोटो टाका.” त्यांनी तो टाकला. फोटोत कागद धरलेला हात थोडा हलला होता, आणि मनगटावर सुईची चिकटपट्टी दिसत होती.